गणवेशावाचून हजर

वळसंग, १२ जुलै २०२५

ती. शिवलीला आत्यास शि. सा. न. वि. वि.

फोन न करता पत्र लिहितेय, कारण फोन बाबांकडे असतो आणि तक्रार बाबांबद्दलच आहे. आमच्या सातवीत मायाक्का नावाची नवी मुलगी आलीय. तिची आई शांतम्मा अक्कलकोटकडून इथं शेतकामाला आली. मायाक्काच्या घरी कन्नड, मराठी ती अडखळत बोलते, पण गणितात मला मागं टाकते. गणवेशाची मापं ती यायच्या आधीच गेली होती, म्हणून ती घरचा पिवळा झगा घालून यायची. शाळा समितीचे अध्यक्ष झाल्यावर बाबांनी नियम केलाय, की गणवेश नसेल त्यानं वर्गात बसायचं नाही. बिचारी दोन दिवस व्हरांड्यात बसली. सोमवारपासून आलीच नाही.

मी बाबांना विचारलं, सगळी सारखी दिसावीत म्हणून गणवेश असतो ना, मग त्याच्यामुळेच मायाक्का एकटी बाहेर कशी? ते म्हणाले, नियम म्हंजी नियम, जेव गुमान. तू तर दिवसभर गणवेशच शिवतेस. तूच सांग, त्याच्याशिवाय शिकता येत नाही का?

उत्तराची वाट बघतेय. माझ्यावर रागावू मात्र नकोस.

तुझी लाडकी,
अपेक्षा

*

शुक्रवार पेठ, सोलापूर, १९ जुलै

चि. अपेक्षास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचायला मशिन थांबवलं, तर शेजारच्या बायका विचारायला लागल्या, काय झालं म्हणून. अगं, मला गणवेश आवडतो. पोटाचा धंदा म्हणून नव्हे. आमच्या वर्गात कुणाचा फ्रॉक नवा, कुणाचा थोरल्या बहिणीचा उतरलेला, हे गणवेशानंच झाकलं. म्हणून तर मी दहावीपर्यंत टिकले. तेव्हा तो नकोच, असं मी म्हणणार नाही. पण मूल आधी, कापड मागून.

माप कळवलंस तर मायाक्काचा एक गणवेश मी उद्या शिवून देईन. पण पुढच्या महिन्यात दुसरी कुणी आली, की ती पुन्हा व्हरांड्यातच. नियमच बदलायला हवा. समितीवर मुलांची प्रतिनिधी तू आहेस ना? मग बैठकीत उभी राहा. घरात ते बाबा, तिथं अध्यक्ष. भीती वाटली तर टेबल घट्ट धर, पण बोल.

जिवाला जप, आणि काय झालं ते सविस्तर कळव.

तुझीच,
आत्या

*

वळसंग, २ ऑगस्ट

चि. सौ. शिवलीलास अ. उ. आ.

तुजं पत्र वाचलं. पोरीनंच दाखवलं, पर बैठक झाल्यावर! बुधवारी ही उठली आन मला अध्यक्ष महाशय म्हणाली. टेबल घट्ट धरलं व्हतं, पर आवाज खणखणीत. म्हणाली, गणवेश आमाला पायजेच, पर तो न्हाय म्हणून कुणाची शाळा सुटता कामा न्हाय. मी म्हणलं, अशी सूट दिली तर उद्या समदीच रंगीबेरंगी कपड्यात येतील. तर ही म्हणती कशी, येऊ द्या की, शाळंतच येतील न्हवं!

हिच्या वर्गाचे गंगाधर गुरुजी हळूच म्हणाले, त्या लेकराला भाईर बसवलेलं मलाबी सलत व्हतं. मग मीच पयला हात वर केला. एकाचाबी हात खाली ऱ्हायला न्हाय. गणवेश ऱ्हाईल, पर त्याच्यापायी कुणाला वर्गाभाईर काढायचं न्हाय, असा ठराव झाला.

दुसऱ्या दिशी शांतम्माच्या घरी गेलो. लेकराची माफी मागाय जीभ जड झाली, शिवे. पर मागितली, तीबी मोडक्या कन्नडमदी. मायाक्का हसाय लागली, मंग तिची आईबी.

काल सकाळी ती पोरगी त्याच पिवळ्या झग्यात शाळंत आली. गुरुजींनी हजेरीत तिचं नाव घेतलं, तशी ती ‘हजर’ म्हणून अशी वरडली, की शेजारच्या वर्गातली पोरंबी उठून बघाय लागली. घरच्या पोरीनं मला भर बैठकीत हरवलं, आन मी गावभर तेच सांगत फिरतोय.

पावण्यांना नमस्कार सांग. हाय तशीच माया असू दे.

तुजा दादा,
श्रीमंत