घंटेला दिलेली देगची

९ फेब्रुवारी १९५८, रविवार. शिरूर

देवळाच्या घंटेला अखेर चीर गेली. आज उपासनेआधी वाजवली तर फुटक्या रांजणावर काठी मारल्यासारखा आवाज. पोरं हसली. पाळकसाहेबांनी प्रार्थनेत तिचं नाव घेतलं, आजाऱ्यांच्या नंतर.

मग पंचांची बैठक. मिशनरी साहेब मायदेशी गेल्यापासून सगळा कारभार आपल्या हाती, याचं केवढं भूषण सगळ्यांना. आपला हात म्हणजे खजिनदार भास्कररावांचा हात. (यापुढे नुसतं भा. लिहीन. शाई महाग झालीय.) पूर्वी साहेबांचे कारकून, आता साहेबांच्याच खुर्चीत. ते म्हणाले, पैशाची वर्गणी नको, लोक वैतागलेत. घरोघरची तांब्याची, काशाची जुनी भांडी गोळा करू. पुण्याचा ओतारी ती वितळवून त्यातून नवी घंटा ओतून देईल. कल्पना चांगली. मलाही आवडली, खोटं कशाला लिहू.

गोळा कोण करणार? "बाई करतील. बाईंना कोणी नाही म्हणत नाही." खरं आहे. निम्म्या मंडळीला बाराखडी मीच शिकवली.

१२ फेब्रुवारी

शाळा सुटली की घरं फिरतेय. पाय गेले. पण बायका देतात. रिकाम्या हातानं एकीनंही पाठवलं नाही.

एक पाहिलं. नाव घातलेलं भांडं देताना बाई आधी त्या नावावरून बोट फिरवते, मग पुढं करते. सगळ्या तसंच करतात. सगुणाबाईनं सासूच्या नावाची कळशी दिली. म्हणाली, "बाई, तुमच्या हातात देतीया. ध्यानात ठिवा." मी हसले. मीही आपला तांब्या दिला, ह्यांचं नाव घातलेला. हे गेल्यापासून त्यातून पाणी प्यायलं जात नव्हतं.

१५ फेब्रुवारी

आज शेजारच्या आयेशाबी आपणहून आल्या. पदराखाली तांब्याची देगची. म्हटलं, अहो, तुम्ही कशाला, हे आमच्या देवळाचं. तर रागावल्या. "तुमच्या घंटेवर माझी चूल पेटती. इतकी वर्सं फुकट वेळ बघितली. घ्या मुकाट्यानं."

त्यांचे उस्मानभाई, आता हयात नाहीत, कल्हईवाले; तीन गल्ल्यांची भांडी त्यांच्या हातची. लग्नात ही देगची त्यांनी स्वतः ठोकली आणि काठाखाली गोल फिरवून उर्दूत काहीतरी कोरलं. मी विचारलं, काय लिहिलंय? "मला कुठं वाचता येतंय? त्ये म्हनायचे, ह्यात तुजं बी नाव हाय." बोट फिरवलं. दिली. जाताना वळून म्हणाल्या, "आता आमचे त्ये वाजतील त्यात. पैल्यांदा वाजंल तवा मला हाक मारा हां बाई." मी हो म्हटलं.

भांडी पोत्यांत भरून भा.च्या स्वाधीन. म्हटलं, ज्याचं त्याला पावती द्या. तर म्हणाले, "बाई, हे दान आहे, दुकान नाही. दिलं की विसरायचं."

२ मार्च, रविवार

भा. घरी आले, सपत्नीक. त्यांच्या विमलचं स्थळ आमच्या मनोहरसाठी. मनोहर दौंडला स्टेशनात बुकिंग क्लार्क, क्वार्टर मिळालंय, हातानं भात करपवतो. विमल माझ्याच हाताखाली शिकली. सरळ पोरगी, गोड गळा. मी लगेच हो म्हटलं. देणंघेणं काही नको, बजावून सांगितलं. भा. म्हणाले, "पोरीच्या हौसेची चार भांडी तरी देऊ द्या." ती द्या म्हटलं. बापाची हौस मोडू नये.

६ एप्रिल. ईस्टर

फुटक्या घंटेवर ईस्टर. ओताऱ्याचा साचा तडकला म्हणे.

आयेशाबी कुंपणावरून: "कवा हो बाई?" म्हटलं, साचा तडकला. "तडकनारच की. घाई केली का तडकतो." ओताऱ्याची बाजू घेतली बिचारीनं.

२० एप्रिल, रविवार

आता म्हणे तांब्यात मिसळायच्या कथलाला परमिट लागतं. उपासनेनंतर सगुणाबाई उभी राहिली. बाईमाणूस सभेत बोलायला उभं राहिलं म्हणून चारजणांच्या माना वळल्या. "घंटा कवा येनार त्ये सांगा. न्हाईतर भांडी कुठं हाईत त्ये तरी दावा."

भा.नी चष्मा काढला, पुसला. "सगुणाबाई, आपण विश्वासणारे म्हणवतो. विश्वास नाही का?"

संपलं. आमच्यात या प्रश्नाला नाही म्हणायची सोय नाही. बाजारात कुणी असं विचारलं तर माणूस म्हणेल, नाही, आधी माल दाखव. देवळात तोच शब्द आला की डोळे मिटायचे. देवावरचा विश्वास आणि भास्कररावांवरचा विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे पाळकसाहेबांनी सांगायला हवं होतं. ते छताकडे बघत होते.

मीही गप्प बसले. व्याही होणार आहेत.

१४ मे

लग्न लागलं. विमल पांढऱ्या साडीत फार शोभली. मनोहरनं वचनं खाकरत खाकरत म्हटली. ह्यांची आठवण झाली, फार.

मांडवात रुखवत मांडलेलं. भांडीच भांडी, सगळी लखलखीत, सगळ्यांवर विमलचं नाव म्हणे. मी वरमाय, पुढं बसलेली, लांबूनच पाहिलं. बायका म्हणत होत्या, हौस केली हो भास्कररावांनी. मलाही अभिमान वाटला. लिहून ठेवते, वाटला.

७ जून. दौंड

एस.टी.नं आले. न्हावऱ्याच्या पुढं धूळच धूळ. क्वार्टर लहान पण विमलनं आरशासारखं ठेवलंय. मनोहरचं वजन वाढलं. रात्रंदिवस शंटिंगचा खडखडाट, यांना ऐकूही येत नाही म्हणे.

दुपारी विमलनं आमटी वाढली. चुलीवरून उचलून आणली ती देगची.

उस्मानभाईंची देगची.

काठाखाली तीच गोल फिरलेली ओळ. मी बघत राहिले तर विमल म्हणाली, "छान आहे ना नक्षी, आई? बाबा म्हणाले, मुरादाबादी वेलबुट्टी आहे." तिच्या तोंडाकडे पाहिलं. काही म्हणजे काही माहीत नाही पोरीला.

आमटी गिळली.

८ जून. दौंड

मनोहर ड्यूटीवर, विमल पाण्याच्या नळावर. फळीवरची भांडी एकेक खाली घेतली. प्रत्येकावर विमलच्या नावाजवळ बोट लावलं की पत्रा खोल लागतो. कानशीनं घासलाय. जुनं नाव काढून नवं घातलं. सगुणाबाईच्या कळशीवर सासूच्या "भागीरथी" नावातला "भा" अजून अर्धा दिसतो. आणि माझा तांब्या. पाठीला पोचा आहे, मनोहरनं लहानपणी पायरीवरून टाकला होता तो. ह्यांचं नाव घासून टाकलंय. माझ्याच सुनेचं नाव घालून माझ्याच घरात पाठवला.

देगचीला हात लावला नाही, कारण ते नाव आहे हेच कळलं नाही. मराठी नावं सगळी पुसली. उर्दू अक्षरं दिसली ती वेलबुट्टी वाटली. इतकी वर्षं शेजारी राहून आम्हाला उस्मानभाईंचं नाव आणि वेलाची पानं यात फरक करता येत नाही. मलाही वाचता येत नाही, म्हणजे माझंही तेच.

मन म्हणत होतं, दुसरी कुठली तरी असेल. म्हणून शेजारच्या क्वार्टरातल्या इंजिन ड्रायव्हरांना नेऊन दाखवली. त्यांनी चष्मा लावून, फिरवत फिरवत वाचलं. "उस्मान आणि आयेशा. मोठ्या मायेनं कोरलंय, बाई. कुणाची हो?"

देगची पदराखाली घेऊन परतले.

९ जून

निघताना विमलला म्हटलं, ही देगची मी नेऊ? "न्या ना, आई. तुमचंच तर आहे सगळं."

तुमचंच आहे सगळं. शिरूर येईपर्यंत तेवढंच कानात.

१० जून. शिरूर

भा.कडे गेले. त्यांनी बायकोला चहा करायला आत पाठवलं आणि दार लोटून घेतलं. म्हणजे समजले होते.

आधी म्हणाले, भांडी मी किंमत भरून घेतली. कुठं भरली? मंडळीच्या पेटीत. पेटी कुठं? माझ्याकडे. मग म्हणाले, ओतारी फार मागत होता, भांडी नुसती पडून होती, विमलचं लग्न तोंडावर. घंटा मी करून देईनच, देवाला हिशेब देईन. मी म्हटलं, देवानं कळशी दिली नव्हती, सगुणाबाईनं दिली होती. हिशेब तिला द्या.

यावर हसले. आजवर कायम "बाई" म्हणायचे. आज म्हणाले, "विहीणबाई, बोला की चारचौघांत. घरोघर जाऊन भांडी कुणी आणली? तुम्ही. आज ती कुणाच्या घरात आहेत? तुमच्या. मध्ये मी कुठं दिसतो?"

चहा आला. प्यायले नाही. एवढंच जमलं.

१३ जून

पाळकसाहेबांना सांगितलं. सगळं ऐकून म्हणाले, प्रार्थना करू. केली. छान केली, क्षमेवर. त्यांचा पगार भा.च्या सहीनं निघतो. मग म्हणाले, पोरीच्या संसाराचा विचार करा, दुसऱ्या धर्माच्या लोकांपुढं आपल्या मंडळीची शोभा नको. दुसऱ्या धर्माच्या लोकांची देगची चालली, तेव्हा शोभा झाली नाही.

संताप, संताप. आणि मेलं रडूही येतंय.

२७ जून

शाळा सुरू झालीय. लक्ष नाही. आज भागाकार चुकीचा शिकवला, पोरींनी तसाच उतरून घेतला.

देगची माझ्या कपाटात, साडीत गुंडाळलेली. कुंपणापलीकडे आयेशाबी. आजही: "परमिट गावलं का?" मला वाटतं माझ्या तोंडाकडे बघून त्यांना कळतं. नाही कळत. माझ्यावर विश्वास आहे त्यांचा.

बोलले तर विमल जन्मभर चोराची पोर होते. मनोहर काय म्हणेल? ती दोघं आत्ता कुठं हसायला लागलीत. नाही बोलले तर सगुणाबाई, आयेशाबी, त्या सगळ्या बायका... भा.ना कुणी काही दिलंच नव्हतं. माझ्या हातात दिलं होतं.

६ जुलै, रविवार

वार्षिक सभा. देगची शाळेच्या पिशवीत घालून गेले. काढेन की नाही, ठरलेलं नव्हतं. देवाशपथ नव्हतं.

भा. उभे राहिले. घंटेचं काम ओतारी बुडवून बसला, त्याचं बघून घेऊ. पण आपण हिंमत सोडायची नाही. पुन्हा एकदा भांडी गोळा करू. आणि माझ्याकडे हात केला. "बाई फिरतील. लोकांचा बाईंवर विश्वास आहे."

काय झालं मला कळलं नाही. पुढं गेले, देगची टेबलावर ठेवली, पवित्र भोजनाची भाकरी न् प्याला ठेवतात त्याच. म्हटलं, ही ओताऱ्याकडे नाही. ही दौंडला माझ्या सुनेच्या चुलीवर होती.

सगळे बघत राहिले. कुणाला काहीच कळेना. सगळ्यांना ती नक्षीच दिसत होती. मग मी त्या ओळीवर बोट ठेवून वाचल्यासारखं म्हटलं: उस्मान आणि आयेशा. बाकीच्यांची नावं घासली. ही घासायची राहिली, कारण ही नावं आहेत हे घासणाऱ्याला कळलं नाही. बाकीची भांडीही तिथंच आहेत, रुखवतात तुम्ही सगळ्यांनी पाहिली.

भा. शांत. एकच वाक्य. "भांडी कुणाच्या घरात आहेत ते बाईंनी स्वतःच सांगितलं."

मला वाटलं होतं लोक त्यांच्याकडे वळतील. सगुणाबाई उठली, माझ्याकडे वळली. "मंग माझी कळशी कुठाय, बाई? तुमच्या हातात दिली व्हती म्या."

मागून अजून दोघी उठल्या. त्याही माझ्याकडेच बघत. पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन सभा संपवली.

७ जुलै

बरोबर आहे सगुणाबाईचं. राग येतोय, पण बरोबर आहे.

दौंडला जावं लागेल. विमलच्या फळीवरून एकेक उतरवायचं आणि सांगायचं, पोरी, हे तुझं नाही. कोणत्या तोंडानं? भा.चं पत्र माझ्याआधी पोचणार. मनोहर दार उघडेल का, तेही माहीत नाही. पुढं पंच काय करणार, कुणी बोलत नाही. भा. आज सकाळी देवळाचं कुलूप उघडताना दिसले. किल्ली त्यांच्याकडेच आहे.

शाळेआधी देगची घेऊन आयेशाबींकडे गेले. सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. चुलीपुढं बसल्या होत्या. ऐकून घेतलं. देगची हातात घेतली, काळी पडलेली, आमटीची, पदरानं पुसली, ओळीवरून बोट फिरवलं. मला वाटलं आता शिव्या देतील. द्यायला हव्या होत्या.

देगची परत माझ्या हातात दिली. "मी ठिवून काय करू? घंटेला दिलीया. एकदा दिलं त्ये मागारी घेत न्हाईत आमच्यात." मग म्हणाल्या, "त्या पोरीला रागावू नका. तिला काय ठावं." आणि मी उंबऱ्यात असताना: "घंटा झाली का हाक मारा."

हो म्हटलं. फेब्रुवारीतही हो म्हटलं होतं.