साडेपाच तास

अप्पा, परवा ऑफिसात माझं दीड वर्षाचं काम संपलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी पेढे आणले, आणि मला भर दुपारी रडू आलं. काम काय होतं ते तुम्हाला समजेल, कारण तुम्ही ते माझ्याकडून एकदा ऐकलेलं आहे. कॉम्प्युटरच्या पोटात वेळ मोजणारी आणि फायलींवर तारखा घालणारी जी मूळ फंक्शनं असतात, त्यांच्यात लांबच्या तारखा मावतील एवढी जागा करायची. काम संपलं की एक फॉर्म भरावा लागतो: पूर्वी अशा कामात कुठं चूक झाली होती, कशानं झाली, कुणाची होती. त्या शेवटच्या रकान्यापाशी माझी बोटं थांबली. या कामातली माझी पहिली चूक राहात्याकडच्या आपल्या साखर कारखान्यात झाली होती. तिचा दोष मी तुमच्यावर ढकलला आणि तुम्ही तो खरा मानून गेलात. तेच लिहायला बसलेय. आधी धीर झाला नाही, म्हणून इतक्या वर्षांनी.

तुम्ही कारखान्याच्या टाइम ऑफिसात टाइमकीपर. आजोबा खर्ड्याकडून ऊस तोडायला यायचे त्याच कारखान्यात तुम्ही हजेरीचं मस्टर घेऊन बसायचात, याची तुम्हाला फार ऐट होती, आणि असायलाच हवी होती. टेबलावर लाकडी रूळ. मस्टर वाचताना नावाखाली रूळ सरळ लावायचा, डाव्या हाताचं बोट तारखेच्या रकान्यावर, आणि मगच तोंड उघडायचं. कुणी घाई केली की तुम्ही म्हणायचात, "थांब की जरा. गडी उन्हात राबलाय, त्याचा दिवस चुकाया न्हाई पायजे." मी तुमची मुलगी, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून त्याच कारखान्यात सहा महिन्यांच्या करारावर लागलेली. दोन हजार साल जवळ आलं होतं, सगळीकडं बोंब होती की वर्षाचे दोनच आकडे ठेवणारी यंत्रं गडबडणार. ती गडबड निस्तरायला मला घेतलं होतं. कॉम्प्युटरच्या खोलीत मी एकटीच बाई, आणि माझ्यासाठी तीन पुरुषांना डावललं गेलंय असं रोज कुणीतरी ऐकवायचं.

एके दिवशी मी कामगारांच्या निवृत्तीची यादी छापून तुम्हाला दाखवली. तुम्ही रूळ लावून वाचत गेलात आणि एकदम हसायला लागलात. नुकत्याच लागलेल्या पोरांपुढं निवृत्तीचं साल १९०३ आलं होतं. "आगं, ही पोरं जल्माच्या आदीच घरी बसली व्हय?" मला आधी राग आला, मग कारण सापडलं. यंत्र १९७० सालच्या सुरुवातीपासून सेकंद मोजतं, आणि ते आकडे ठेवायला त्याच्याकडं ठरावीक जागा असते. २०३८ साली ती भरते आणि मोजणी उलटी फिरून मागं जाऊन पडते. मी हे सांगितल्यावर तुम्ही विचारलंत, "मग मी कुटं? माजा जलम तर सत्तरच्या लई आदीचा." म्हटलं, तुम्ही उणे आकड्यात. "बरं झालं," तुम्ही म्हणालात, "सारी हयात उन्यातच काढली." तसा तुमचा जन्म तरी कुठं नक्की होता म्हणा. गुरुजींनी डोक्यावरून हात फिरवून पलीकडचा कान धरायला लावला, कान हाताला लागला म्हणून सहा वर्षांचे धरले आणि लिहिलं एक जून. त्या यादीत निम्मा कारखाना एक जूनलाच जन्मला होता!

आमच्या ऑफिसच्या साहेबांना मी ती १९०३ची भानगड सांगितली तर ते म्हणाले, "मॅडम, दोन हजारपुरतं बघा. अडतीस साली आपण दोघंही इथं नसू." मीही तसंच सोडून देणार होते, खरं सांगते. पण संध्याकाळी क्वार्टरच्या स्वयंपाकघरात तुम्ही विषय काढलात. आई शेंगा फोडत होती. तुम्ही मला म्हणालात, "ती पोरं अडतीस साली असतील का न्हाई? त्यांना जागा नसंल तर तू कर." आईनं लगेच तोंड घातलं: "डबा ल्हान पडला तर मोटा घ्यावा, त्यात काय आवघड?" तिला म्हटलं, डबा मोठा घेतला की फडताळाच्या फळ्या हलवाव्या लागतात, नाहीतर दार लागत नाही. नुसतं वेळेचं फंक्शन रुंद करून भागत नाही, फाईल वाचणारं, फाईल लिहिणारं, तारखेची दुसरीशी तुलना करणारं, सगळंच बदलावं लागतं. "मग हालव की फळ्या," आई म्हणाली, आणि शेंगांची पाटी माझ्यापुढं सरकवली. तुमच्या शब्दाखातर मी साहेबांना न विचारता ते काम हातात घेतलं. अप्पा, इतक्या आनंदानं मी नंतर कधीच काम केलं नाही.

त्याच महिन्यात हंगामी कामगारांची सेवाज्येष्ठता यादी करायची निघाली. हंगामी म्हणजे गाळप चालू असतं तेवढे महिने कामावर आणि उरलेलं वर्ष घरी. त्यातल्या थोड्यांना कायम करायचं होतं, आणि जो आधी हजर झाला तो आधी कायम, असा नियम. हजर तारीख सारखी निघाली तर वयानं मोठा असेल तो वर. या तारखा फक्त जुन्या मस्टरात होत्या. रोज पहिल्या पाळीनंतर तुम्ही रूळ लावून वाचायचात आणि मी टाइप करायची. निम्मी नावं भरून झाली तेव्हा जुनीच फंक्शनं चालू होती. मग मी माझी नवी बसवली, जुन्या फाईलमधल्या तारखा मोठ्या जागेत हलवल्या आणि उरलेली नावं नव्यातून भरली. यादी छापली, नोटीस बोर्डावर लागली. तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलात, "पोरीनं केलंय." मला लाज वाटायची आणि बरंही वाटायचं.

दुसऱ्या दिवशी जामखेडकडचा एक हंगामी कामगार टाइम ऑफिसच्या दारात आला. गरीब माणूस, आवाज न चढवता बोलला. "अप्पा, मी दोन तारखेला हजर झाल्तो, आमच्या गावचा त्यो गडी तीनला. आमी एकाच टेम्पोनं न्हाई आलो, मी आदल्या दिशी आल्तो. यादीत दोगांचीबी दोन तारीख हाय, आन त्यो वयानं मोटा म्हनून माज्या वर. माजं कायम हुयाचं ऱ्हातंय." मागं आणखी चारपाच जण, त्यांचंही तसंच. तुम्ही मस्टर काढलंत, रूळ लावलात. त्या दुसऱ्याची तारीख तीनच होती. तेवढ्यात साहेब आले आणि त्यांनी विचारलं, तारखा कुणी दिल्या, कुणी भरल्या? सगळे माझ्याकडं बघायला लागले. माझ्या मनात एकच आलं: न विचारता केलेलं काम उघडं पडलं तर करार आजच संपणार. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "वाचताना रकाना मागं-पुढं झाला असेल. अप्पांना हल्ली बारीक दिसत नाही." जीभ अडखळलीसुद्धा नाही माझी. साहेब हसून म्हणाले, "टाइमकीपर, चष्मा बदला आता." लोकांसमोर. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत, रागानं नाही, नुसतं समजून घेतल्यासारखं, आणि म्हणालात, "व्हय साहेब. आसंल. वय झालं."

चूक मला त्याच दुपारी सापडली. आपली वेळ इंग्लंडच्या साडेपाच तास पुढं. यंत्र सेकंद मोजतं तिकडच्या वेळेनं, आणि जुनी फंक्शनं तारीख ठेवताना ते साडेपाच तास वजा करायची, वाचताना परत मिळवायची. माझ्या नव्या फंक्शनांत मी ते लिहायलाच विसरले होते. त्यामुळं जुन्यांनी ठेवलेली तीन तारखेची मध्यरात्र नव्याला दिसत होती दोन तारखेची संध्याकाळ, साडेसहा. आधी भरलेली सगळी माणसं एक दिवस लवकर हजर झाली, नंतर भरलेली आपापल्या दिवशी. दोन ओळींचं काम होतं. मी ते केलं, यादी पुन्हा छापली, आणि साहेबांना सांगितलं, "अप्पांच्या चुका दुरुस्त केल्या." त्या माणसाचं नाव वर गेलं, तो कायम झाला. करारावरची मीही कायम झाले. तुम्ही घरी येऊन आईला म्हणालात, "पोरीनं सावरून घेतलं मला." मी ताटावर बसले होते, अप्पा. मी भाकरी खात होते.

मला वाटलं होतं, चार दिवसांत विसराल. तुम्ही कसले विसरता? दुसऱ्याच दिवशी मस्टर धाकट्या क्लार्ककडं दिलंत. तुम्ही नवा चष्मा केलात, तरी पेन हातात घेईनात. निवृत्तीला एक हंगाम उरला होता, तो तुम्ही टाइम ऑफिसात नुसते खुर्चीत बसून काढलात. नगरला डोळ्यांच्या डॉक्टरकडं मीच घेऊन गेले होते. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानानं नजर उत्तम आहे, काही झालेलं नाही. तेव्हा मला वाटलं, सुटले, आता आपोआप कळेल यांना. बाहेर बाकावर बसून तुम्ही बराच वेळ चष्मा पुसत राहिलात आणि म्हणालात, "डोळं चांगलं हायेत म्हनं. मग डोस्कंच गेलं आसंल माजं." त्या बाकावर तुमच्या शेजारी मी होते. तुमचा हातही धरला होता. बोलले काय? "चला, रसवंतीत रस घेऊ."

आणि वस्तीच्या बुद्धविहारातलं वाचन. पावसाळ्यात, वर्षावासाचे तीन महिने, ग्रंथ वाचायचा मान तुमचा होता, आमच्या लहानपणापासून. पांढरा शर्ट, समोर पाट, आणि तोच रूळ ओळीखाली. त्या वर्षी वस्तीतले लोक बोलवायला आले तर तुम्ही हात जोडलेत. "दुसऱ्या कुनाला द्या. माजा आता भरवसा न्हाई. धम्माचं वाचन हाय, एक शबूद चुकला तरी..." मग तुम्ही मागं, बायकांच्या रांगेपाशी बसून ऐकायचात. वाचणारा पोरगा अडखळला की तुमचे ओठ हलायचे. सगळं पाठ होतं तुम्हाला! मला त्या पोराचा राग यायचा, लोकांचा यायचा, तुमचाही यायचा, की एवढं काय मनाला लावून घ्यायचं. स्वतःचा सोडून सगळ्यांचा राग यायचा मला.

एकदा तुम्ही सरळ विचारलंत. निवृत्तीनंतरची गोष्ट, मी शहरातल्या नव्या नोकरीतून सुट्टीला गावी आले होते. अंगणात कडुनिंबाखाली तुम्ही खाटेवर, मी पायरीवर. "मला एक सांग पोरी. रूळ लावल्याला, बोट ठिवल्यालं. तरी माजं चुकलं कसं? तीस वरसात न्हाई चुकलं." तुम्हाला दोष नको होता, फक्त कारण हवं होतं. तुमच्या जागी मी असते तर मलाही तेच हवं असतं. माझ्याकडं ते कारण होतं, दोन ओळींचं, साडेपाच तासांचं. तुम्हाला समजलंही असतं, तुम्ही हसला असतात, म्हणाला असतात, "आयला, इंग्लंडनं घोळ केला व्हय." आणि मी म्हणाले, "होतं असं अप्पा. माणूस आहे." तुम्ही मान हलवलीत. त्याच्या पुढच्या वर्षी तुम्ही गेलात.

मी खूप वर्षं स्वतःला समजावलं की एवढ्याशा गोष्टीनं कुणी खचत नाही. नोकरी टिकली म्हणून धाकट्या भावाचं शिक्षण झालं, आईला शहरात आणता आलं, हेही खरंच आहे. पण परवा तो फॉर्म भरताना कुणाची चूक या रकान्यात मी माझं नाव लिहिलं आणि खुर्चीला टेकून डोळे मिटून घेतले. बाजूच्या मुलीनं विचारलं, बरं वाटत नाही का? तिला काय सांगणार. त्या रकान्यात माझं नाव लिहायला कधीच कुणी अडवलं नव्हतं. मस्टर तुम्ही बरोबर वाचलं होतं अप्पा, पहिल्या नावापासून शेवटच्या नावापर्यंत. डोळेही शाबूत होते आणि डोकंही.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, असं म्हणून मी सुटू बघत होते. पण आई आहे. बाहेरच्या खोलीत शेजारणीशी बोलत बसलीय. मघाशी तिचं बोलणं कानावर आलं, "आमच्या ह्यांचं डोस्कं शेवटी शेवटी काम देत नव्हतं, मस्टर सुदिक वाचता येईना." मी हे कागद घेऊन तशीच उठले. तिला वाचून दाखवायचं, आत्ताच्या आत्ता, शेजारणीसमोरच, असं ठरवून दारापर्यंत गेले. तिनं वळून विचारलं, "काय गं, कवाची लिवतीयस? काय हाय त्ये?"

"काही नाही," मी म्हणाले. "ऑफिसचं."