दार रुळांकडे

कॉटनवुड जंक्शन सुटलं, हॅडली अजून यायचंय
फेब्रुवारी १८९०

प्रिय लॉरिट्स,

अक्षर वाकडंतिकडं येतंय ते म्हातारपणामुळे नाही, घर चाललंय म्हणून. आपलं घर, सगळंच्या सगळं, चुलीसकट बर्फावरून घसरत निघालंय आणि मी आत टेबलाशी बसून पेन्सिलीनं तुला लिहितेय. पुढे घोड्यांच्या जोड्या आणि त्यांच्या बाजूनं घरं हलवणारा ऑगस्ट क्रुगर, घोड्यांना जर्मनमध्ये शिव्या घालत. चुलीवर कॉफी आहे. सिसेल म्हणाली, "आई, चूल विझव, घर पेटेल." मी म्हटलं, दुकानवाल्या मिसेस पिकेटचं घर हललं तेव्हा तिनं वाटेत पाव भाजले होते, मी काय तिच्याहून कमी आहे? तुझी बहीण आता नवऱ्याला द्यायचा सगळा उपदेश मला देत असते. तिचं लग्न झालं, हेही तुला ठाऊक नसेल. मुलगा चांगला आहे, फक्त जेवताना बोलत नाही.

तुला ठाऊक नसलेलं इतकं साठलंय की कुठलं टोक धरू कळत नाही. ठाऊक असलेलंच आधी सांगते, म्हणजे हात बसेल. आपण या माळावर उतरलो तेव्हा इथं गवत होतं आणि लाल फडकी बांधलेल्या खुंट्यांची एक लांब रांग, रेल्वेच्या मोजणीवाल्यांनी ठोकलेली. त्या खुंट्यांवर भरवसा टाकून शहाण्यासुरत्या माणसांनी गाव वसवलं. मातीच्या ढेपा रचून घरं केली. पाऊस आला की छतातून चिखल गळायचा आणि मी तुमच्या ताटांवर छत्री धरून उभी राहायचे. आणि नाव काय ठेवलं, तर जंक्शन! एक रूळ नाही आणि जंक्शन. तुझे बाबा पडले सुतार. स्वतःच्या घराला लाकडी दार नव्हतं, कांबळं लटकवलं होतं, तेव्हा त्यांनी नदीकाठून ओकच्या तुळया ओढत आणल्या आणि गावासाठी फलाट बांधला. मी कुरकुरले तर म्हणायचे, "मारेन, पाहुणा दारात आल्यावर खुर्ची शोधायची का?" त्या फलाटावर आपण नाचलो, सणाला सगळ्या गावानं जेवण केलं. तू आणि सिसेल बाकाचं इंजिन करून शिट्ट्या मारायचात. गाडीवाचून काही अडत नव्हतं, असं मला आता वाटतं.

मग तू सतरा वर्षांचा झालास, ससे मारायला दक्षिणेकडे गेलास आणि तिथं नव्या खुंट्या बघून आलास. त्या दिवशी फलाटावर सभा होती. तुझे बाबा पहिल्या गाडीच्या स्वागताला बँड कुठून आणायचा ते सांगत होते आणि तू सगळ्यांदेखत उठून म्हणालास, "बाबा, बँडचं राहू द्या. गाडी इथं येत नाही, चार मैल खालून जातेय." लोक हसले. तुला नाही, त्यांना हसले. पुढे ते काय म्हणाले, ते मी लिहायला नको होतं, पण लिहिते, कारण सगळं त्यावरच अडलंय. ते म्हणाले, "गाडी माझ्या दारात येईल, त्या दिवशी मला तोंड दाखव." तू टोपी उचललीस आणि गेलास. बाप हट्टी, लेक सवाई हट्टी, आणि जात्याच्या दोन पाळ्यांमध्ये मी. तुझ्या वाटणीची धिरडी मी दुपारपर्यंत झाकून ठेवली होती.

तू म्हणालास तेच झालं. गाडी खालून गेली आणि तिथं हॅडली उगवलं. तोवर मातीची घरं जाऊन लाकडाची झाली होती, मग आपलं गाव उठलं आणि चालायला लागलं. खोटं नाही सांगत. दर हिवाळ्यात बर्फ पडला की घरांखाली तुळया सरकवायच्या, घोडे जुंपायचे आणि घर ओढत न्यायचं. पिकेटांचं दुकान मालासकट गेलं, बरण्या फळीवर तशाच. वाटेत कुणीतरी तंबाखू मागितली तर म्हाताऱ्या पिकेटनं चालत्या दुकानातून विकली आणि वर म्हणाला, "उधारी मागायला मात्र हॅडलीत या." चर्चचा कळस काढून मागून वेगळ्या गाडीवर आणला, आडवा झोपवून. शाळा गेली, लोहारशाळा गेली. आमचं एकच घर राहिलं, आणि फलाट. तुझे बाबा रोज सकाळी तो झाडायचे. रिकाम्या माळावर एक म्हातारा माणूस फलाट झाडतोय. शेजारपाजार नव्हता म्हणून बरं, नाहीतर मला हे दुसऱ्या कुणी बघितलेलं सोसलं नसतं.

गेल्या शरदात निल्स लोहार आला. तिकडे पश्चिमेला लाकूड कापायच्या गिरणीत त्यानं तुला पाहिलं होतं. दाढी ठेवलीस म्हणे, आणि डाव्या हाताचं एक बोट गेलं. मी इतकं विचारलं की त्याची कॉफी गार झाली. शेवटी मी विचारलं, घरी का येत नाही तो? निल्सनं बाबांकडे पाहिलं, मग खाली पाहिलं. म्हणाला, "मी विचारलं होतं. हसला आणि म्हणाला, गाडी दारात आली की जाईन." तुझे बाबा खिडकीशी बसले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी झाडूऐवजी पहार घेऊन गेले आणि त्यांनी फलाट उखडायला घेतला. मला वाटलं, सरपणाला. मला तर बरंच वाटलं, म्हटलं डोक्यातून एकदाचं गेलं.

थंडी पडली तसे ते आजारी झाले. छातीत कफ भरला. आणि या वर्षी थंडी नुसती कोरडी, बर्फाचा पत्ता नाही. अंथरुणातून रोज विचारायचे, "बर्फ पडला का गं?" मी म्हणायचे, नाही पडला, पडून राहा. तरी सिसेल आली की तिला विचारायचे, डॉक्टरला विचारायचे. मला वाटलं, तापात बरळतायत. जानेवारी संपता संपता ते गेले, लॉरिट्स. तुझे बाबा गेले. जमीन दगडासारखी होती, निल्सनं आणि जावयानं कुदळीनं खणली. आणि त्यानंतर चौथ्या दिवशी बर्फ आला, गुडघा गुडघा. मी दारात उभी राहून त्या बर्फाला शिव्या दिल्या. भेटीला आलेल्या पाद्रीबाबांनीही त्या ऐकल्या असाव्यात.

आठवड्यानं क्रुगर आपणहून दारात हजर. म्हणाला, "तुमच्या नवऱ्यानं, रासमुसनं, शरदातच सांगून ठेवलंय. बर्फ पडला की घर हलवायचं. खालच्या तुळया त्यानंच तासून ठेवल्यात." मी जाऊन पाहिलं. गोठ्यामागे फलाटाच्या ओकच्या तुळया, टोकं वर वळवलेल्या, गुळगुळीत. त्याच आता माझ्या पायाखाली आहेत, त्यांचाच हा करकर आवाज. क्रुगर म्हणाला, "जागा स्टेशनसमोरची आहे. आणि दार रुळांकडे." मी म्हटलं, वेड लागलंय का? हॅडलीतल्या एकूण एक घरानं रुळांकडे पाठ केलीय. धूर, काजळी, दोरीवर चादर पांढरी राहायची नाही. तो म्हणाला, "बाई, मीही हेच बोललो. तो म्हणाला, दार तिकडे होणार नसेल तर घराला हात लावू नकोस." तेव्हा मला कळलं. तेव्हा कुठं कळलं, आणि मी क्रुगरसारख्या परक्या माणसासमोर ओट्यावर बसून रडले.

मघाशी घर कब्रस्तानापाशी थांबलं. घोड्यांना दम खाऊ द्यायला, असं क्रुगर म्हणाला, पण त्यानं टोपी काढली होती. घरं नेता येतात, ही माणसं नेता येत नाहीत. त्यांचं जंक्शन आता फक्त तेवढंच उरलंय. मी खिडकीतून म्हटलं, अहो, निघाले बरं का. आणखी काय म्हणणार? विहिरीवर एक फळी ठोकून आलेय, वर आपलं नाव आणि दक्षिणेकडे बाण. तू सवयीनं जुन्या जागी गेलास तर रिकामं तळघर बघून परत फिरशील, ही मला धास्ती.

आता हलायचं थांबलं. क्रुगर ओरडतोय, "बाई, उघडा!" मी दार उघडलंय. समोर रूळ आहेत, हाकेच्या अंतरावर, आणि त्यापलीकडे स्टेशन. संध्याकाळच्या गाडीनं हे पत्र निल्सनं सांगितलेल्या गिरणीच्या पत्त्यावर जाईल. मिळेल की नाही, देव जाणे. त्यांना माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुमचं तुम्ही बघायचं होतं. पण त्या माणसाला "ये" म्हणता येत नव्हतं, म्हणून त्यानं आपला फलाट मोडला आणि घर उचलून तुझ्या वाटेवर ठेवलं. त्यांनी घातलेली अट त्यांनीच पुरी केलीय, बाळा. गाडी दारात आलीय. आता तोंड दाखव. बघायला मी एकटीच उरलेय.

नव्या दारात बसलेली, तुझीच,
आई