नव्या खिडकीची फळी

३० मे

ती. विल्माडीनताईस कोपरापासून नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? मांजर नीट जेवतंय ना? मी आणि ओडेल, आम्ही दोघं नवराबायको धडधाकट आहोत. परवा फोनवर तू म्हणालीस, की यंदा कितीही मोठं वादळ येऊ दे, तू समुद्रकाठचं घर सोडून हलणार नाहीस. तुझी मर्जी, बाई. तू अठ्ठ्याहत्तरची, मी एकाहत्तरची. मी कोण तुला शिकवणार? या पत्रात त्या विषयावर अवाक्षर काढणार नाही, असं मी ओडेलला कबूल केलंय (त्याने बायबलवर हात ठेवायला लावला, इतका माझ्यावर विश्वास!). तेव्हा फक्त इकडची गंमत सांगते.

समुद्रापासून दीडशे मैल आत राहून आम्ही वादळाची तयारी करतो याचं तुला हसू येतं, ठाऊक आहे मला. पण गेल्या सप्टेंबरात ते मेलं इथवर चालत आलं. आठ दिवस वीज नव्हती, आणि शेजारच्या व्हेल्डाचं खुराडं उडून आमच्या पेकानच्या झाडावर जाऊन बसलं (कोंबडीसकट, तिने वर अंडंही घातलं होतं). तेव्हापासून ओडेलने मनावर घेतलंय. जनरेटर आला, कंदील आले आणि बीन्सचे डबे इतके आले, की पाहुणा आला तर त्याला खोक्यांवरच बसवावं लागतं.

तर गेल्या शनिवारी सकाळी स्वारी शिडीवर चढली आणि बाजूच्या एका खिडकीवर प्लायवुडची फळी लावून पाहू लागली. आकाशात ढगाचा ठिपका नाही. पण ओडेलने चाळीस वर्षं वीज कंपनीसाठी तारा ओढल्यात ना, वादळाआधी पहिलं बोलावणं त्यालाच यायचं, त्यामुळे गल्लीची पक्की समजूत आहे, की वादळाची खबर आधी त्याला लागते आणि मग हवामान खात्याला. व्हेल्डाने फळी पाहिली. विचारावं की नाही माणसाने? छे! पायात सपाता तशाच, आणि ही बया थेट दुकानात. तासाभरात दुकानात ना पाव उरला ना दूध. मग जो तो घरी जाऊन टब भरायला लागला, आपण वादळाआधी भरतो तसा. अख्ख्या गावाने एकदम नळ सोडल्यावर गावची टाकी किती टिकणार? पाणी गेलं. झालं! पाणी गेलं म्हणजे वादळ आलंच आणि आता वीजही जाणार, हे शेंबडं पोरही सांगेल. मग फ्रीझरमधलं सडण्याआधी भाजून खाल्लेलं बरं म्हणून सगळे आपापलं घेऊन निघाले, आणि कुठे? आमच्या अंगणात!

हरणाचं मांस, मासे, व्हेल्डाच्या तीन वर्षांपूर्वीच्या भेंड्या, सगळं शेगड्यांवर चढलं. ऊन असं, की पाद्रीबुवांचं टक्कल लालेलाल. ओडेल शिडीवरून बोंबलतोय, "अगं बायांनो, वादळबिदळ काही नाही! मी फक्त माप बघतोय!" तर व्हेल्डा म्हणते, "तुला बोलायची बंदी असणार, कळतं रे आम्हाला. तू गुपचूप फळी ठोक." शेवटी मी रेडिओच अंगणात आणून ठेवला. उद्या लख्ख ऊन, परवाही लख्ख ऊन. मग व्हेल्डाच म्हणाली, "बरं, पण आता एवढं परत थोडंच गोठवता येतंय?" आणि पुन्हा ताटं भरली गेली.

जेवताना कुणीतरी म्हणालं, विल्माडीनच्या हातचं बटाट्याचं सॅलड हवं होतं बघ. मी ताट बाजूला ठेवलं. असो. त्या विषयावर बोलायचं नाही असं ठरलंय.

तुझी धाकटी,
अर्लीन

ता. क. – फळी एकच का, हे सांगायचं राहिलं. बाकीच्या खिडक्यांच्या फळ्या आहेतच, ही खिडकी नवी. तीन वर्षांपूर्वी तू आमच्या मागच्या खोलीत दोन रात्री काढून म्हणाली होतीस ना, की या बिनखिडकीच्या कोठडीपेक्षा समुद्रात बुडलेलं बरं? ओडेलने मार्चमध्ये भिंत फोडली. सकाळचं ऊन थेट पलंगावर येतं.

दुसरं ता. क. – मांजरही आण. मला शिंका येतात, येऊ देत. गेल्या वर्षी आठ दिवस तुझा फोन लागत नव्हता. तसले आठ दिवस मला पुन्हा झेपणार नाहीत, ताई.

शेवटचं ता. क. – बायबलवर मी डावा हात ठेवला होता, तेव्हा ती शपथ मी धरत नाही. आणि हे पत्र टपालात टाकलेलं नाही, तुझ्या हातात कुणी दिलं ते तू पाहिलंच आहेस. ओडेलला आत घे, कॉफी दे आणि बॅग भरायला घे. तुला घेतल्याशिवाय परत यायचं नाही असं मी त्याला बजावलंय, आणि ट्रकमध्ये बीन्सची चार खोकी आहेत, तेव्हा तुझ्या पायरीवर तो आठ दिवस सहज काढेल.