गेशाच्या गोष्टीतला तू गाळलेला भाग

मोठी आई,

तू ती गोष्ट सांगताना एक भाग गाळला होतास, हे मला ह्या उन्हाळ्यात कळलं. ती जपानी मुलीची गोष्ट, गेशाची. त्या कादंबरीवर सिनेमा निघाला, हिंदीत डब होऊन टीव्हीवर आला, आणि देवासला सासरी, भर दुपारी, सातव्या महिन्याचं पोट घेऊन मी तो बघायला बसले. शेजारी माझी जाऊ गवार मोडत होती. माझ्यासाठी ती मुद्दाम तिच्या घरून, लोहारद्याहून, येऊन राहिली होती. सिनेमा सुरू होऊन फार वेळ झाला नव्हता, आणि बाप आपल्या मुलीला परक्या माणसाच्या हवाली करतो. तिला कुणी काही सांगत नाही. मला पुढचं बघवेना. कारण जावेला मूल नाही, तिच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, आणि माझ्या पोटातलं हे दुसरं बाळ तिच्या ओटीत घालावं अशी कुजबुज घरात सुरू झाली होती. मला अजून कुणी सरळ विचारलं नव्हतं. पण जी मुलगी स्वतः ओटीत घातली गेली आहे, तिला असली कुजबुज भिंतीपलीकडूनही ऐकू येते.

आणि तू म्हणाली होतीस, असं काही पुस्तकात नाहीच. धारचं आपलं स्वयंपाकघर, रविवारची सकाळ. मी पाटावर बसून मक्याचे भुट्टे किसते आहे, तू कढईपाशी तो किस परतत उभी, एका हातात उलथनं आणि दुसऱ्या हातात ते जाड इंग्रजी पुस्तक. ते तू शिकवायचीस त्या शाळेतल्या कुठल्याशा बाईंकडून इंदूरहून मागवलं होतंस. तू इंग्रजी वाचायचीस आणि लगेच मराठीत सांगायचीस. तुझ्या मराठीत ती गेशा आपल्याच गल्लीत राहायला यायची. किमोनोला तू ‘तो त्यांचा शालू’ म्हणायचीस. तिला गाणं शिकवतात, नाच शिकवतात, चहा ओतताना मनगट किती दिसू द्यायचं तेसुद्धा शिकवतात, हे सांगताना तू उलथन्यानेच मला चहा ओतून दाखवायचीस आणि आपण दोघी हसत सुटायचो. पण तुझी गोष्ट सुरू व्हायची ती मुलगी त्या घरात आलेली असताना. मी एकदा विचारलं, “तिचे आईवडील कुठे असतात गं?” तू पुस्तकातून मान वर केली नाहीस. म्हणालीस, “ते नाही दिलंय ह्यात. मावशीकडे शिकायला आली असेल. किस खाली लागतोय बघ, हलव.” मुलींच्या वहीतला एक स्वल्पविराम न सोडणारी तू. मला शंका कुठून येणार!

मला तुझ्याकडे आणलं तो दिवस मी तुला कधीच सांगितला नाही, तूही विचारला नाहीस. मी सहा वर्षांची होते. धाकट्या भावाच्या जन्मानंतर आई अंथरुणाला खिळली होती, बाबांची कारखान्यात शिफ्ट, घरात मोठी बहीण, मी आणि ते रडकं बाळ. एका सकाळी मला नवा फ्रॉक घातला. देवासच्या बसस्टँडवर बाबांनी केळी घेऊन दिली, कंडक्टर म्हणाला, “भिया, बिटिया को खिड़की पे बिठा दो,” आणि मी खूश. धारला तुमच्या देवघरासमोर तू पदर पसरून बसली होतीस. बाबांनी मला उचलून तुझ्या मांडीवर ठेवलं. कुणीतरी माझ्या तोंडात साखर घातली. मोठे बाबा म्हणाले, “आता ही आपली.” आपल्या घराण्यात ह्याला देणं म्हणत नाहीत. बाबांचा सख्खा थोरला भाऊ आणि त्याची बायको, त्यांच्याकडे राहिली तर मुलगी गेली कुठे, असं म्हणतात. मला मात्र त्या वयात एवढंच समजलं, की मुलीला उचलून दुसरीकडे ठेवता येतं. आणि एकदा ठेवता आलं, तर पुन्हाही ठेवता येईल.

त्या भीतीने मी किती चांगली मुलगी झाले, तुला माहीत आहे. दुसऱ्यांदा पोळी मागायची नाही. कपबशी फोडायची नाही. पहिला नंबर सोडायचा नाही. शेजारणी तुला म्हणायच्या, “बाई, पोरगी कित्ती सीधी है तुम्हारी,” आणि तू खूश व्हायचीस. मोठ्या बाबांची नोकरी गंधवानीला, ते शनिवारी यायचे. एका शनिवारी त्यांनी बाग गावाहून लाल-काळ्या छापाचं कापड आणलं, तू त्याचा घेरदार फ्रॉक शिवलास, आणि मी तो अंगात घालेना. तू समजावलंस, मग चिडलीस, शेवटी रडकुंडीला आलीस. मला त्या नव्या फ्रॉकात फक्त बसस्टँड दिसत होता. त्याच संध्याकाळी पाहुणे येणार होते. तू माझं दप्तर उघडलंस तर आत वह्यांच्या जागी दोन चड्ड्या, एक परकर आणि कंगवा. “हे काय?” मी म्हटलं, “पाहुण्यांबरोबर जायचं असेल तर.” तू माझ्या पाठीत असा धपाटा घातलास की मी पुढे कोलमडले. “हे घर आहे, धर्मशाळा नाही! पुन्हा दप्तरात कपडे दिसले तर तंगडं मोडून ठेवीन, मग बघू कुठे जातेस ते.” आणि मग तूच मला कवटाळून बसलीस, पाहुणे दारात उभे राहिले तरी. मी त्या रात्री दोनदा पोळी मागून घेतली. भीती गेली असं नाही. पण तंगडं मोडणारं माणूस आपल्याला कुणाला देऊन टाकणार नाही, एवढी अक्कल मला आली होती.

मग मी बारावीत असताना इंदूरच्या इस्पितळातून तू परत आलीच नाहीस. तेरावं झालं आणि बाबा मला न्यायला आले. मोठे बाबा गंधवानीला, वयात आलेली मुलगी घरात एकटी कशी ठेवायची, सगळं बरोबरच होतं. ज्याची मला इतकी वर्षं भीती वाटली ते घडलं, आणि कुणाचीच चूक नव्हती. देवासला आई माझ्याशी फार जपून बोलायची. ताटात आधी मला वाढायची. आम्ही दोघी एकमेकींच्या घरी पाहुण्या आल्यासारख्या वागायचो, आणि पुढे देवासमध्येच माझं लग्न झालं तेव्हा मला, खरं सांगते, हायसं वाटलं.

तर ती दुपार. सिनेमात बाप मुलीला देतो, आणि नेमकी लाईट गेली. आमच्याकडे उन्हाळ्यात ती कधी जाईल आणि कधी येईल ते देवालाही ठाऊक नसतं. कूलर थांबला, टीव्ही काळा झाला. जावेने गवारीची परात मांडीवरून खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “तुला ही गोष्ट माहीत आहे ना? मग पुढे काय होतं? रुळते का ती पोर तिथे?” मी तिच्याकडे पाहिलं. ती सिनेमाबद्दल विचारत नव्हती. मी उत्तर द्यायला नको होतं, पण समोर तू दिसत होतीस, उलथन्याने चहा ओतणारी, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “रुळते. चांगली रुळते.” जावेचे डोळे भरून आले. तिने माझा हात घट्ट धरला. मी धारच्या एका मुलीबद्दल बोलले होते. तिने ते होकार म्हणून घेतलं होतं. तेव्हाच मला कळलं की तू तो भाग का गाळलास. मी विचारीन, मला पण असंच दिलं का, ह्या प्रश्नाला तू घाबरत होतीस. मी तुझ्याकडून पाठवली जायला घाबरत होते आणि तू मी मागे वळून बघायला घाबरत होतीस. एकाच कढईपाशी दोघी, आणि एकमेकींना पत्ता नाही.

सासरी डोहाळेजेवण नवव्या महिन्यात, दुसऱ्या खेपेलाही करतात, आणि त्यात एक रीत आहे. मूल नसलेल्या जावेने ओटी भरायची, आणि गर्भारशीने त्या ओटीतला नारळ उचलून परत तिच्याच पदरात घातला, की मूल दिलं असं समजायचं. एक शब्द बोलावा लागत नाही. पुढचे दोन महिने मी रोज नवऱ्याला सांगायचं ठरवत होते. एकदा सांगितलं. तो चपलेचा अंगठा जमिनीवर घासत म्हणाला, “मी भाऊला काय बोलू यार? तू ठरव. तू जे ठरवशील ना, मी तुझ्या बाजूने.” सासूबाईंना वाटत होतं ठरलंच आहे. “अगं, घरातच तर राहणार आहे पोर. लोहारदा काय विलायत आहे का? दर सणाला भेटशील.” त्या वाईट नाहीत. कुणीच वाईट नव्हतं, त्याचीच मला धास्ती वाटत होती. वाईट माणसाला नाही म्हणता येतं. पोटात बाळ हललं की मी हात ठेवायची आणि मनात म्हणायची, शांत राहा, तू आहेस हे कुणाला कळू देऊ नकोस.

डोहाळेजेवणाला माझी आईही आली होती. हिरवी साडी, फुलांचे दागिने, चौरंगाभोवती गल्लीतल्या बायका. जावेने ओटी भरली. थोडे तांदूळ खाली सांडले. मग ती समोर पदर पसरून उभी राहिली, आणि तसा पदर मी आधी पाहिला होता, तुझा. सासूबाई म्हणाल्या, “हं, उचल आता.” मी नारळाला हात लावला. आणि काढून घेतला. मी म्हटलं, “ताई, माझ्याकडून नाही होणार.” एवढंच. सासूबाई काही बोलणार इतक्यात मागून माझी आई उठली. आयुष्यात चारचौघांत कधी न बोललेली बाई. म्हणाली, “विहीणबाई, हात जोडते, तिला आग्रह करू नका. मी केलंय हे. आजतागायत पछतावा आहे मला.” आणि तोंडात पदर कोंबून ती ढसाढसा रडायला लागली. बायकाही डोळे पुसू लागल्या. जावेने पसरलेला पदर खांद्यावर घेतला, वाकून सांडलेले तांदूळ गोळा केले आणि माझ्या ओटीत टाकले. “राहू दे गं. भरलेली ओटी कुणी परत घेतं का?” ती स्वयंपाकघरात गेली आणि सगळ्यांना पुऱ्या तिनेच तळून वाढल्या.

मुलगी झाली. बाळंतपणाला मी थोरल्या मुलाला घेऊन आईकडे आले आहे. तू असतीस तर धारला आले असते. जाऊ दर रविवारी लोहारद्याहून बसने येते, कधी बाळंतिणीचे लाडू, कधी झबलं. बाळ तिच्या मांडीवर ताबडतोब झोपतं. ती गुणगुणते तेव्हा मी खोलीतून हलत नाही. पाणी प्यायलाही जात नाही. मला ठाऊक आहे ती पळवून नेणार नाही, तरी माझी नजर दरवाजावर असते. आणि त्याहून वेगळी एक भीती आताशा बसली आहे: की त्या मांडीवर माझ्या मुलीला जे मिळालं असतं, ते मी तिच्या हातून काढून घेतलं का. कारण मला ते मिळालं होतं. मी त्यातलीच आहे.

आत्ता आतल्या खोलीत आई बाळाला न्हाऊ घालते आहे. तिने मघाशी विचारलं, “काय लिहितेयस एवढं?” मी म्हटलं, “काही नाही.” डोहाळेजेवणापासून ती एका गोष्टीची वाट बघते आहे. बाळाला तेल लावताना मध्येच थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. मी म्हणावं, आई, तू मला द्यायला नको होतंस. तेवढं ऐकलं की तिच्या छातीवरचा दगड उतरेल, आपली लेक आपल्याला दुरावली नव्हती असं तिला वाटेल. मी पुष्कळदा तोंड उघडलं. येत नाही. मोठी आई, मी माझी मुलगी दिली नाही, देऊ शकले नसते. आणि आईने मला दिलं, ह्याचा मला आनंद आहे. हे कागदावर आलेलं तिच्या हाती लागू नये म्हणून, बाळाला पुसून ती बाहेर यायच्या आत, मी ही पानं फाडते आहे.