गोडाऊनमधलं स्टूल

पपा, आज दुकानात एका गिऱ्हाइकाने आपल्या नव्या बाईंना झापलं आणि मला तुमच्याशी बोलावंसं वाटलं. पाइप आणि पंपांचं आपलं तेच दुकान. बाई पस्तिशीच्या आहेत. कामावर येतानाच म्हणाल्या होत्या, "मी ऑटिस्टिक आहे. सांगितलेलं मी तसंच धरते. काम बदललं तर तसं स्पष्ट सांगा." आज त्या गिऱ्हाइकाने नव्या पंपाबद्दल काही विचारलं, तर म्हणाल्या, "हे मला माहीत नाही. कागद वाचून सांगते." तो भडकला, "दुकानात उभ्या राहता आणि माहीत नाही?"

तुमच्याबद्दल मीही हेच म्हणायचे. दुकानातला नट न् नट तुम्हाला पाठ, पण जे ठाऊक नसे ते चारचौघांत सांगून मोकळे व्हायचात. मी शिकून गल्ल्यावर बसले तशी मला त्याची लाज वाटू लागली. "माहीत नाही म्हणायचं नाही, पपा," हा नियम माझाच. मग एक दिवस राजोडीचा एक माणूस वॉल्व हातात धरून विचारतो, "आमच्या विहिरीचं पानी खारं झालंय. ह्यो टिकेल काय?" तुम्ही गप्प. तो पुन्हा विचारतो. तुम्ही वॉल्वकडे बघत उभे. "बहिरे हायत काय?" सगळे हसतात. मी ओरडते, "पपा, तुम्ही आत गोडाऊनमध्ये बसा!" तुम्ही वॉल्व जागेवर ठेवता आणि आत जाता.

दुसऱ्या दिवशीही तुम्ही थेट आत गेलात. तिसऱ्याही. म्हटलं, किती हा ताठा! जाईल राग, येतील बाहेर. पण तुमच्या चेहऱ्यावर राग नसायचा. स्टुलावर बसून तुम्ही वॉशर आकाराप्रमाणे लावायचात, आणि देवाघरी गेलात तोवर तेच केलंत. जुनी गिऱ्हाइकं विचारायची, "पपा कुठंत?" आईने एकदा खोदून विचारलं तर म्हणालात, "तिने आत बसायला सांगितलंय." मला तो टोमणा वाटला.

तुम्हाला काय होतं ते आता कुणी तपासणार नाही, आणि त्याला नाव देणारी मी कोण? पण बाईंचं बोलणं ऐकल्यापासून ते स्टूल बघवत नाही. तो टोमणा नव्हता, पपा. मी सांगितलं होतं म्हणून तुम्ही बसला होतात. गप्प राहिलात तेही माझ्याच नियमामुळे. "आता बाहेर या" म्हणायला मला दहा पावलं चालावी लागली असती.

आज गिऱ्हाइकाला म्हटलं, "थांबा जरा. त्या वाचतायत, खोटं सांगणार नाहीत." कुरकुरत का होईना, थांबला तो.

हे पत्र कुठे टाकणार? तुमच्या अक्षरातली मापाची चिठ्ठी असलेल्या वॉशरच्या डब्यात ठेवते. आणि एक कबूल करते. टोमणा वाटला म्हणून बोलावलं नाही, हे अर्धंच खरं. तुम्ही आत असलात की काउंटर झरझर चालायचा, आणि मला ते आवडायचं.