फाटलेल्या चार बॅचेस

ग्रीन बे, ११ नोव्हेंबर

प्रिय ऑर्व्हिल,

गुडघा कसा आहे? यंदा हरणाच्या शिकारीला जाणार की तुझी बायको लुसील अडवणार?

कढईपुढे उभं राहून चीज सॉस ढवळणारे तुम्ही आणि प्रयोगशाळेत आकडे मांडणारे आम्ही, आपलं गाऱ्हाणं एकच. सॉस खपला की शहाणपण साहेबांचं, फाटला की हात आपले! तेवीस वर्षं जेवणाच्या टेबलावर मी यावरच भाषणं ठोकतेय.

कारखान्यातला सॉस फाटला, त्यावरच्या सोमवारच्या बैठकीतही ठोकलं. रँडलसाहेब म्हणाले, "गणिती मॉडेल चुकत नाही, माणूस चुकतो. ऑर्व्हिलनेच आच वाढवली असणार."

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही शेवटची कढई कधी ढवळलीत?"

सगळे हसले. साहेब म्हणाले, "ग्रेटा, भाषण पुरे. तुझ्या मॉडेलमध्ये काही खोट आहे का, तेवढं सांग."

मी गप्प बसले.

मार्चमधल्या अठ्ठावीस बॅचेस तुला आठवत असतील. चीज, स्टार्च, क्षार आणि आच, चारही एकदम कमीजास्त करायचे, कारण ते एकमेकांवर परिणाम करतात, असं मी समजावत होते. तू म्हणालास, "कळलं. माझे मेव्हणे! एकेकटा गरीब गाय, चौघे जमले की खुर्च्या मोडतात."

त्यातल्या चार फाटल्या. तेल वर, चोथा खाली. तू वहीत लिहिलंस, 'स्टार्च कमी, आच जास्त. इकडे फिरकू नका.'

फाटलेल्या सॉसचा दाटपणा मोजता येत नाही. रकाने रिकामे राहिले. ऑर्व्हिल, त्या चार ओळी मी काढून टाकल्या. उरलेल्या चोवीसांवर मॉडेल इतकं सुरेख बसलं की मीच भाळले. पुढे कडा आहे हे त्याला कळणार कसं? त्याने सर्वोत्तम म्हणून जे मिश्रण काढलं, ते नेमकं कड्याच्या टोकावरचं होतं. कारखान्यातल्या मोठ्या कढईत आच दोन अंश इकडेतिकडे होतेच. तू आमच्या कृतीबरहुकूम ढवळलंस, आणि कढईतला अख्खा सॉस फाटला. अहवालात त्या चार बॅचेसचं नावही नाही. खाली सही माझी आहे.

हे मला सोमवारी माहीत होतं.

आज दुपारी त्या ओळी परत घालून सुधारलेला अहवाल मी रँडलला आणि त्याच्या वरच्यांनाही पाठवला. तुझ्या वहीचं पान जोडलंय. दोष कुणाचा, ते पहिल्याच वाक्यात लिहिलंय. उत्तर अजून आलेलं नाही. माझं काय व्हायचं ते होवो.

पण कंपनीने तुला सहीसाठी दिलेल्या तयार राजीनाम्यावर 'माझ्या हलगर्जीपणामुळे' असं छापलंय, आणि मुदत शुक्रवारची आहे. तू भांडखोर नाहीस. कटकट नको म्हणून सही करून मोकळा होशील, याचीच मला धास्ती आहे. तू ते शब्द कबूल केलेस की माझा अहवाल कुणी उघडणारही नाही.

माफी मी तुझ्या दारात उभी राहून मागेन. आधी एवढंच कर. त्या कागदावर सही करू नकोस.

तुझी म्हणवून घ्यायला आज संकोचणारी,
ग्रेटा